गुरुसभेच्या देशांत

परदेशगमनाचे हेतु काळाप्रमाणें बदलत आले आहेत. आमच्या आजोबांच्या वेळीं लोक बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस जात. वडिलांच्या वेळीं यंत्रविद्या शिकण्यासाठीं जात. आणि आमच्या डोळ्यांदेखत संगणकाच्या विद्येनें अर्धी आळी अमेरिकेस नेली. अलीकडे एक नवाच हेतु घरोघरीं ऐकूं येतो. तो म्हणजे इंग्रजी शिकविण्यासाठीं परदेशीं जाणें. एका महिन्याचा अभ्यासक्रम, हातीं प्रमाणपत्र, आणि मग बँकॉक, हनोई, टोकियो, जेथें म्हणाल तेथें भरघोस पगाराची जागा, अशा जाहिराती मुलामुलींच्या हातांतील फोनवर दिवसांतून दहा वेळां झळकत असतात. ज्या भाषेपायीं आमच्या पिढीनें मॅट्रिकच्या परीक्षेंत घाम गाळला, ती भाषा आमच्या मुलींनीं तिसऱ्याच देशांतील मुलांस शिकवावी व त्याचे चांगले पैसे मिळवावे, हें ऐकून प्रथम कौतुक वाटतें. मग शंका येते. आणि प्रकरण आपल्याच घरांत उद्भवलें म्हणजे शंकेची जागा चिंता घेते.

आमच्या घरीं तें उद्भवलें. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या इंग्रजी विषय घेऊन एम्.ए. व पुढें बी.एड्. झाली असून चार वर्षें एका खाजगी शाळेंत कंत्राटी शिक्षिका होती. पगार महिना अठरा हजार, आणि तो वेळेवर हातीं आला तर त्या दिवशीं दिवाळी. तिचे वडील आतां ह्या जगांत नाहींत. तिच्या लग्नासाठीं म्हणून त्यांनीं जी ठेव मागें ठेविली होती, तींतून अडीच लाख रुपये काढून बँकॉक येथें हा अभ्यासक्रम करावयाचा, असा बेत तिनें २०२५ च्या आरंभीं सर्वांसमोर मांडला. एकत्र कुटुंबांत असल्या प्रश्नाचा निकाल एका बैठकींत लागत नाहीं. थोरल्या वहिनींस मुलीच्या जातीनें एकटें जाणें पसंत नव्हतें. माझ्या मुलास त्या प्रमाणपत्राचीच खात्री वाटत नव्हती. तिच्या आईस तर कांहींच बोलवेना. अखेरीस माझ्या मातोश्री, वय वर्षें अठ्ठ्याऐंशी, म्हणाल्या, “लग्नासाठीं ठेव ठेवली म्हणजे पोरीचं बरं व्हावं म्हणूनच ना? मग बरं कशांत आहे तें कुणीतरी डोळ्यांनीं बघून या.” मुलगी मे महिन्याच्या आरंभीं पुढें गेली, आणि पंधरवड्यानें मी, सदुसष्ट वर्षांचा, जुन्या अकरावीचा मॅट्रिक, संस्कृत पाठशाळेंत घडलेला व अडतीस वर्षें मास्तरकी केलेला गृहस्थ, तिच्या मागोमाग निघालों. तेथें जें पाहिलें तें ज्यांच्या घरीं हाच प्रश्न उभा असेल त्यांच्या उपयोगीं पडावें, म्हणून हा लेख.

मुंबईहून बँकॉक विमानानें सुमारें साडेचार तासांच्या वाटेवर आहे. तेथील विमानतळाचें नांव सुवर्णभूमि. २००६ सालीं सुरू झालेल्या ह्या विमानतळाच्या आंत समुद्रमंथनाचा भव्य देखावा उभा केला आहे. वासुकीची दोरी, एका अंगास देव व दुसऱ्या अंगास दैत्य, सर्व कांहीं आपल्या पुराणांतल्यासारखें. माझी पुतणी मला घेण्यास आली होती. गाडींत बसल्यावर मीं कौतुकानें चालकास विमानतळाचें नांव दोनदां म्हणून दाखविलें, परंतु “सुवर्णभूमि” हा शब्द त्याच्या कानास ओळखीचा वाटेना. पुतणी म्हणाली, “काका, ‘सुवन्नफूम’ म्हणा.” तसें म्हणतांच तो गृहस्थ हंसला व मान डोलवूं लागला.

त्या देशाची भाषा कळावयास नवीन. पण तिच्या पोटांत आपला किती ठेवा आहे हें पाहून संस्कृत शिकलेल्या माणसाची झोप उडावी. भाषेस तेथें ‘फासा’ म्हणतात आणि इंग्रजीस ‘फासा अंग्‌क्रित’. शिक्षक तो ‘ख्रू’, म्हणजे गुरु. महाविद्यालयांतील अध्यापक तो ‘आचान’, म्हणजे आचार्य. विद्यापीठ तें ‘महावित्थयालय’. ज्याच्यासाठीं माझी पुतणी तेथें गेली होती त्या प्रमाणपत्रास शब्द आहे ‘प्रकात्सनीयबत’. चार वेळां ऐकल्यावर उलगडा झाला कीं हें ‘प्रकाशनीय पत्र’. आणि शिक्षकांस परवाने देणारें सरकारमान्य मंडळ, ज्याच्या अनुमतीवांचून शाळेंत शिकवितां येत नाहीं, त्याचें नांव ‘खुरुसफा’. म्हणजे साक्षात् गुरुसभा! ही गुरुसभा १९४५ च्या शिक्षक कायद्यानें स्थापन झाली.

थाई लिपीची वर्णमालाहि आपल्याच क्रमानें चालते. पल्लवांची लिपि ख्मेर लोकांच्या वाटेनें तेथवर पोंचली, आणि कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग ही मांडणी जशीच्या तशी राहिली. एका पुस्तकाच्या दुकानांत मीं लहान मुलांचें अंकलिपीचें पुस्तक चाळलें. आपला ‘क कमळाचा’ तसा त्यांचा क कोंबडीचा, एवढाच काय तो फरक.

आतां मूळ विषयाकडे वळूं. माझी पुतणी जो अभ्यासक्रम करीत होती त्यास ‘सेल्टा’ म्हणतात, आणि त्याची परीक्षा केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा-विभागाकडे असते. त्याचें मूळ असें. जॉन हेक्राफ्ट नांवाच्या एका इंग्रज गृहस्थानें आपली पत्नी ब्रिटा हिच्यासह १९५३ सालीं स्पेन देशांतील कॉर्दोबा शहरीं एक भाषाशाळा काढली. पुढें लंडनला आल्यावर १९६२ सालीं त्यानें शिक्षकांसाठीं दोन आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. तोंपर्यंत सामान्य समजूत अशी कीं इंग्रजाच्या पोटीं जन्मला त्यास इंग्रजी शिकवितां येणारच. पोहणाऱ्या प्रत्येकास पोहणें शिकवितां येत नाहीं, ही साधी गोष्ट त्या वर्गाच्या मुळाशीं होती. त्याच वर्गाचा विस्तार होत होत आजचा अभ्यासक्रम बनला.

सलग केला तर हा चार-पांच आठवड्यांत पुरा होतो. निदान १२० तास शिक्षण. त्यांपैकीं सहा तास प्रत्येक उमेदवारानें खऱ्या विद्यार्थ्यांच्या खऱ्या वर्गावर शिकवावयाचें, तेंहि दोन निरनिराळ्या इयत्तांस. सहा तास अनुभवी शिक्षकांचे पाठ नुसते बसून पाहावयाचे. चार लेखी निबंध. आणि अखेरीस केंब्रिजनें नेमलेला बाहेरचा तपासनीस येऊन सर्व पाहून जातो. सहा तास म्हणजे काय मोठेंसें, असें वाचकांस वाटेल. मलाहि ऐकतांना तसेंच वाटलें. परंतु पुतणीच्या खोलींत रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा जळत असे. चाळीस मिनिटांच्या एका पाठासाठीं ती चार पानें टांचण लिही: मी कोणता प्रश्न विचारणार, विद्यार्थी काय चुकणार, चुकल्यास मी काय करणार, ह्या कामास किती मिनिटें लागणार. बारा उमेदवारांत इंग्रज होते, फिलिपिन्सचे होते, एक रशियन बाई होत्या, दोघी थाई मुली होत्या. एकाचा पाठ चालू असतां बाकीचे मागें बसून टिपून घेत, आणि मग सर्वांसमक्ष त्या पाठाची चिरफाड होई.

पुतणीच्या पहिल्या पाठाची हकीकत तिनेंच मला सांगितली. तिनें व्याकरणाचा एक नियम असा समजावून दिला कीं आमच्याकडील कोणताहि शाळातपासनीस खूष झाला असता. पाठ संपल्यावर शिक्षिकेनें तिला एवढेंच विचारलें, “चाळीस मिनिटांपैकीं तुम्ही किती बोललां?” पस्तीस मिनिटें ती बोलली होती. “तुमचें इंग्रजी उत्तम आहे हें आम्हांस कळलें. त्यांचें कसें आहे तें मात्र कळावयाचें राहिलें.”

प्रमुखांच्या परवानगीनें एके दुपारीं मी मागल्या बाकावर बसलों. समोर पंधरा-सोळा थाई माणसें: दुकानांत काम करणाऱ्या मुली, एक परिचारिका, दोघे कॉलेजचे विद्यार्थी आणि माझ्याच वयाचे एक सेवानिवृत्त कारकून. हे लोक उमेदवारांकडून फुकट शिकावयास येतात. त्या दिवशीं ‘मी पूर्वीं खेड्यांत राहत असें’ अशा अर्थाची वाक्यरचना शिकवावयाची होती. माझ्या पुतणीनें एक चित्र दाखविलें, एक वाक्य म्हटलें, आणि विचारलें, “हा आतां खेड्यांत राहतो काय?” नाहीं. “पूर्वीं राहत होता काय?” होय. “एकच दिवस कीं पुष्कळ दिवस?” पुष्कळ दिवस. एवढेंच. मग तिनें दोघांदोघांच्या जोड्या लावून दिल्या आणि स्वतः गप्प बसली. वर्गांत गलका उसळला. त्या वृद्ध कारकुनानें शेजारच्या मुलीस आपल्या लहानपणीं घरासमोर कालवा कसा होता हें मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगितलें, आणि त्याचा चेहरा असा फुलला कीं शिकविणाऱ्यानें आपला पगार तेथेंच मोजून घ्यावा.

‘समजलें काय?’ हा प्रश्न विचारावयाचा नाहीं, हा त्या अभ्यासक्रमांतील एक कडक दंडक आहे. आमच्या वर्गांत ‘समजलं का रे?’ म्हटलें कीं साठ मुलें एका सुरांत ‘हो’ म्हणतात, आणि थाई मुलेंहि त्याच सुरांत त्यांच्या भाषेंतील ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’चा अर्थ तास संपवा एवढाच असतो. म्हणून समजलें कीं नाहीं हें ज्याच्या उत्तरांतून आपोआप कळेल असा प्रश्न बनवावयाचा. हें कसब पुस्तकानें येत नाहीं, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर चुकून आणि सुधारून येतें. जाहिरातींतील पुष्कळशीं प्रमाणपत्रें १२० तासांचीं म्हणून विकलीं जातात. आंकडा तोच, परंतु तीं घरबसल्या फोनवर मिळतात आणि मिळविणाऱ्यानें एकाहि विद्यार्थ्याचें तोंड पाहिलेलें नसतें. दोहोंच्या किंमतींतला फरक ह्या सहा तासांत आहे.

माझ्या हातून तिला एक अल्पशी मदत झाली, ती सांगतों. तिचे विद्यार्थी ‘टेल’ आणि ‘टेन’ ह्या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार एकच करीत; शाळेस म्हणजे ‘स्कूल’ला ‘सकून’ म्हणत; आणि कितीहि घोकून घेतलें तरी शब्दाच्या अंतीं स आला कीं तो गळे किंवा त होई. ती त्रासून म्हणाली, “काका, ह्यांना ऐकूंच येत नाहीं कीं काय?” मीं म्हटलें, “अगं, ह्या शहराचें नांव हे लोक काय सांगतात?” ती म्हणाली, “क्रुंगथेप महानखोन.” महानगरांतील अंत्य र-काराचा न झाला आहे. सकाळीं भेटल्यावर हात जोडून काय म्हणतात? ‘सवत्‌दी’. चुलालोंग्‌कोर्न विद्यापीठांतील एका पंडितानें आपल्या ‘स्वस्ति’पासून बनविलेला आणि १९४३ सालीं सरकारनें सर्वत्र चालू केलेला हा शब्द, त्यांत स-काराचा त झाला आहे. थाई भाषेंत शब्दाच्या वा अवयवाच्या शेवटीं र, ल टिकत नाहींत, त्यांचा न होतो. ऊष्म वर्ण टिकत नाहींत, त्यांचा त होतो. जो नियम शेंकडों वर्षें आपल्या संस्कृत शब्दांस लागला तोच आज इंग्रजीस लागतो आहे. मुलें आळशी नाहींत, तीं आपल्या भाषेचा नियम पाळताहेत. दुसऱ्या दिवशीं तिनें फळ्यावर तोंडाचें चित्र काढून ल म्हणतांना जीभ कोठें टेकते व वारा कोठून जातो हें दाखविलें. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ हीं स्थानें आपल्या शिक्षाग्रंथांनीं कधींच नेमून दिलीं आहेत. बँकॉकच्या भिंतीवर टांगलेल्या इंग्रजी ध्वनींच्या तक्त्यापुढें उभें राहिल्यावर मला तें परक्याचें घर वाटलें नाहीं.

आतां पैशाविषयीं. जाहिराती जें लपवितात तें येथेंच आहे. पहिली गोष्ट अशी कीं सेल्टा हें प्रमाणपत्र आहे, परवाना नव्हे. त्या देशांतील शाळेंत शिकवावयाचें तर कोणत्यातरी विषयाची विद्यापीठाची पदवी लागते. शाळेनें बोलावल्यावर नोकरीचा व्हिसा व काम करण्याचा परवाना लागतो. आणि त्यावर गुरुसभेची अनुमति लागते. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल त्यास ती अनुमति तात्पुरती, दोन-दोन वर्षांची, मिळते. म्हणून आमच्या मुलीचें बी.एड्. तेथें तिच्या नव्या प्रमाणपत्राहून कमी मोलाचें ठरलें नाहीं. अडतीस वर्षें शिकवूनहि माझ्यासारख्या मॅट्रिकास त्या देशांत वर्गाचें दार बंद. ह्याचें मला दुःख नाहीं, परंतु पदवी अर्धवट सोडून ह्या वाटेस लागूं पाहणाऱ्या तरुणांनीं तें ध्यानीं ठेवावें.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. काम एक, वर्ग एक, प्रमाणपत्र एक. तरी पगार दोन. ज्यांचा जन्म इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांतला, त्यांस बँकॉकच्या सामान्य शाळांत महिना तीस ते चाळीस हजार बाट मिळतात. फिलिपिन्सच्या किंवा हिंदुस्थानच्या शिक्षकास पुष्कळ ठिकाणीं त्याच कामास पुष्कळ कमी. मी होतों तेव्हां एका बाटास सुमारें दोन रुपये साठ पैसे पडत होते, त्यावरून हिशेब करावा. कोरिया देशानें तर परदेशी इंग्रजी शिक्षकांचा सर्वसाधारण व्हिसा सात देशांच्या नागरिकांपुरताच ठेविला आहे. म्हणजे इंग्रजी कोणास शिकवितां येतें ह्याची परीक्षा केंब्रिजवाला एका रीतीनें घेतो, आणि बाजार पासपोर्टाचें पहिलें पान उघडून दुसऱ्या रीतीनें घेतो.

हा बाजार आजचा नाहीं. एके संध्याकाळीं आम्ही चाओ फ्राया नदींतून नावेनें चाललों होतों. एका तीरास राजवाड्याचीं सोनेरी शिखरें, दुसऱ्या तीरास अरुणाचें देऊळ, वात अरुण. पुतणीस मीं तेथें एका बाईची कथा सांगितली. १८६२ सालीं राजा मोंगकुट ह्यानें आपल्या राण्यांस व मुलांस इंग्रजी शिकविण्यासाठीं सिंगापुराहून एक विधवा बाई आणविली. तिचें नांव ॲना लिओनोवेन्स. ती ह्याच राजवाड्यांत सुमारें पांच वर्षें शिकवीत होती. पुढें ज्याच्या नांवाचें विद्यापीठ निघालें तो राजपुत्र चुलालोंग्‌कोर्न तिचा विद्यार्थी. तिच्यावर पुस्तकें झालीं, नाटक झालें, बोलपट झाले. आपण वेल्स प्रांतांत जन्मलों व मोठ्या घराण्यांतल्या आहों, असें ती जन्मभर सांगत आली. १९१५ सालीं ती वारली, आणि त्यानंतर कित्येक दशकांनीं संशोधकांनीं जुन्या नोंदी काढल्या तेव्हां कळलें कीं ती १८३१ सालीं जन्मली तें गांव आपलें अहमदनगर, आतांचें अहिल्यानगर. बाप कंपनी सरकारच्या पलटणींतला सार्जंट. आजी हिंदी रक्ताची असावी असा अभ्यासकांचा तर्क. तिचें लहानपण मुंबई-पुण्याकडे गेलें व लग्न पुण्यास लागलें. इंग्रजी शिकवून पोट भरावयाचें तर नगरचा जन्म सांगून चालणार नाहीं, एवढें तिला कळत होतें. पोरवयाचीं दोन मुलें पदरीं असलेल्या त्या बाईस दोष देण्याचें माझ्या मनांत येत नाहीं. पण सबंध जन्म आपलें गांव गिळून बसणें ही किंमत लहान नव्हे.

ही कथा सांगण्यास कारण घडलें होतें. अभ्यासक्रम संपून पुतणीस प्रमाणपत्र मिळालें होतें, आणि नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एका मध्यस्थानें आदल्या दिवशीं तिला मोठ्या सलोख्यानें सुचविलें होतें, “तुमचा उच्चार चांगला आहे. कागदोपत्रीं काय असेल तें असूं द्या. पालकांस मात्र नांव आखूड करून सांगा, आणि लहानपण इंग्लंडांत गेलें म्हणा. महिना दहा हजार बाट जास्त मिळवून देतों.” दहा हजार बाट म्हणजे सव्वीस हजार रुपये. तिच्या येथल्या सबंध पगाराहूनहि अधिक. मीं तिला कांहींच सल्ला दिला नाहीं. वडिलांची ठेव तिची, नोकरी तिची, आणि रोज सकाळीं वर्गांत उभें राहावयाचें तेंहि तिलाच. नाव धक्क्यास लागेपर्यंत ती पाण्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “काका, मग मी दिवसभर तें नाटक सांभाळूं कीं मुलांकडे बघूं? मुलखतींत विचारतील तर वाईचं नांव सांगेन. नाहीं तर नाहीं.”

पहिल्या दोन शाळांनीं नकार दिला. एकीनें तर फोनवर देशाचें नांव ऐकूनच जागा भरल्याचें सांगितलें. तिसरी शहराच्या उत्तर भागांतील. तेथील मुख्याध्यापिकेनें पासपोर्ट बाजूस ठेवून तिला सरळ सातवीच्या वर्गावर वीस मिनिटें शिकवावयास लावलें आणि स्वतः मागें बसल्या. सहा तासांची शिदोरी कामास आली. पंचवीस हजार बाटांवर नेमणूक झाली. खोलीचें भाडें, जेवणखाण, येणेंजाणें वजा जातां महिन्याकांठीं आठ-नऊ हजार बाट शिल्लक राहतील, म्हणजे अडीच लाखांची ठेव वर्षभरांत भरून निघेल, असा आम्हीं दोघांनीं कागदावर हिशेब मांडला. ही श्रीमंती नव्हे. जाहिरातींतील तर नव्हेच. परंतु कोणापुढें हात न पसरतां जगावयास व वडिलांचा पैसा परत ठेवावयास पुरे.

निघण्यापूर्वीं मला एक सोहळा पाहावयास मिळाला. शाळा मे महिन्याच्या मध्यांत उघडल्यावर तेथें ‘वाय ख्रू’, म्हणजे गुरुवंदन, होतें. तें बहुधा गुरुवारीं करतात, आणि गुरुवारास थाई भाषेंत बृहस्पतीचेंच नांव आहे. नव्या शाळेनें आम्हांस आमंत्रण दिलें होतें. मोठ्या दालनांत मुलें ओळीनें जमिनीवर बसलेलीं. व्यासपीठावर शिक्षक खुर्च्यांवर. पाली गाथा झाल्यावर प्रत्येक वर्गाचे दोन विद्यार्थी गुडघ्यांवर पुढें येत आणि तबकांतील फुलें शिक्षकांच्या हातीं देऊन वांकून नमस्कार करीत. जवळून तबक पाहिलें तों त्यांत दूर्वा! आपण गणपतीस वाहतों त्याच. दूर्वा एका पेराच्या सर्वत्र पसरतात, तशी विद्या पसरावी. त्यांच्याबरोबर वांग्याचें फूल. तें खालीं मान घालून फुलतें, तसा शिष्यानें विनय धरावा. आणि सुईसारख्या टोकदार कळ्यांचीं इक्झोराचीं तांबडीं फुलें. तशी बुद्धि तीक्ष्ण व्हावी. वांग्याच्या फुलास आपल्याकडे कोणी देव्हाऱ्यांत घेत नाहीं. त्या मुलांनीं त्याचा शोध बरा लावला.

खुर्च्यांवर बसलेल्यांत दोन इंग्रज होते, तिघीजणी फिलिपिन्सच्या होत्या, आणि कडेच्या खुर्चीवर खणाच्या काठाची साडी नेसून माझी पुतणी होती. महिन्याअखेरीस ह्यांच्या पाकिटांत आंकडे निरनिराळे पडणार होते. मुलांच्या तबकांत मात्र सर्वांसाठीं दूर्वा सारख्याच होत्या. एक बारा वर्षांचा मुलगा तिच्यापुढें वांकला व “सवत्‌दी ख्रप, टीचर” म्हणाला. टीचर शब्दांतील र त्यानें अर्थातच गिळला.

ज्या घरांत हा विचार चालू असेल तेथील वडीलधाऱ्यांनीं मुलांस तीन प्रश्न अवश्य विचारावे. पदवी पुरी आहे काय? ज्या अभ्यासक्रमास पैसे भरावयाचे त्यांत खऱ्या विद्यार्थ्यांवर, तपासनीसाच्या देखत, शिकवावें लागतें काय? आणि जाहिरातींत छापलेला पगार कोणत्या पासपोर्टाचा आहे? तिन्हीं उत्तरें मनासारखीं येऊन मुलाच्या अंगीं शिकविण्याची आवड असेल, तर त्यास अडवूं नये. केवळ पैशासाठीं जावयाचें असेल तर दुसरे धंदे पुष्कळ आहेत. आमच्या मुलीचें पहिलें सत्र सप्टेंबरांत संपलें. तिनें आजीस पाठविलेल्या पहिल्या पैशांची पावती बँकेंतून आली ती मातोश्रींनीं वाचवून घेतली, आणि ती रक्कम पुन्हां त्याच ठेवींत भरावयास मला बँकेंत धाडलें.